धाकटीची काळजी

माझ्या धाकट्या बहिणीला बरं वाटू लागल्यामुळे घरात काळजीचं वातावरण पसरलं.

आजारी होती तेव्हा सगळं सरळ होतं. रिकाम्या खोलीतून तिला नावं ठेवणारे आवाज यायचे. नळाच्या पाण्यात शेजाऱ्यांनी काहीतरी कालवलंय, अशी तिची खात्री होती. डॉक्टरबाई त्याला सायकोसिस म्हणाल्या, गोळी दिली, आणि काही आठवड्यांत आवाज विरत गेले. आता चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोमवारपासून पुन्हा धरायची, असं ती म्हणू लागली. मालकाने जागा राखून ठेवली होती. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी हवी होती.

एवढा गंभीर निर्णय तिच्यावर सोपवणं मला थोरला या नात्याने प्रशस्त वाटेना. सबब मी फोनवर 'धाकटीची काळजी' नावाचा ग्रुप स्थापन केला. त्यात आई, आत्या, बायको आणि मी. धाकटी सोडून सगळे. लक्षणं मी वाचून काढलीच होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा माणूस मी, मला कोण आवरणार!

धाकटी हसली, तर विनाकारण हास्य. हसली नाही, तर भावशून्यता. गोळीने सुस्तावून दुपारी झोपली, तर आळस. तो लक्षणांत बसत नव्हता, तरी कळवण्यात आला. शेवटी ती वैतागली.

"दादा, मी आले की तुम्ही सगळे गप्प का होता? पाळत ठेवताय का माझ्यावर?"

आम्ही गप्प झालो. मग मी ग्रुपवर तातडीने कळवलं, 'पाळतीचा भ्रम पुन्हा सुरू.'

चिठ्ठीसाठी धाकटीबरोबर मीही गेलो आणि डॉक्टरबाईंपुढे हे सगळं सविस्तर मांडलं.

"तुम्ही पाळत ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"ठेवतो की! पण तिला तसं वाटायला नको."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "हे बघा, मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. ते फार उसळलं की साध्यासुध्या गोष्टीलाही भलताच अर्थ चिकटतो. कुणी खोकलं, तरी ते आपल्यालाच उद्देशून वाटतं. गोळी ती उसळी कमी करते, मग खोकला नुसता खोकला राहतो. तिला आता तो तसाच वाटतो. गोळी मनाने बंद करायची नाही, सुस्ती फार वाटली तर मला सांगायचं, आणि खुशाल कामावर जायचं."

"चिठ्ठी एवढ्यात नको..." मी म्हणेपर्यंत चिठ्ठी लिहून झाली होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्यात नक्कीच काहीतरी होतं.

घरी येऊन मी 'डॉक्टरांवर लक्ष' हा दुसरा ग्रुप काढला. त्यातून आत्याला मी वगळलं, कारण ती धाकटीशी फार गोड बोलत होती. आई म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि ग्रुपमधून बाहेर पडली. तिच्यापाठोपाठ बायको. त्यांना कुणी फितवलं, याचा मी खूप विचार केला. ग्रुपमध्ये मी एकटा उरलो, आणि त्या एकट्याच्या हेतूबद्दलही मला शंका येऊ लागली.

सोमवारी धाकटीने गोळी घेतली, डबा पिशवीत टाकला आणि दारात थांबली.

"दादा, मला आवाज यायचे ना, तेव्हा मी निदान तुला विचारलं होतं, 'तुलाही ऐकू येतंय का रे?' तू मला काही विचारलंसच नाहीस."

ती गेली. मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. दुकानात नीट पोचली का, हे बघायला मी तिच्या मागून जाणारच होतो, पण चपला परत काढून ठेवल्या.

आणि तुम्ही हसताय मला. हसलात ना? एकटेच? स्वतःशीच? आता मान वर करून कुणी बघतंय का, ते पाहू नका. तेही लक्षणांत धरतात.