धोट्याचं तेल

पवनीच्या विणकर सोसायटीनं नागपूरहून छोटा लॅपटॉप मागवला, तेव्हा चेअरमन लक्ष्मणराव म्हणाले, "जो हे चालवून दाखवंल, तोच मॅनेजर." गोपाळराव तिथले जुने कारकून; घरी मागही चालवायचे. (मॅनेजरच्या खुर्चीवरची धूळ तेवढी त्यांच्या वाट्याला.) दुसरा उमेदवार त्यांचाच साळा, म्हणजे बायको जानकीबाईंचा भाऊ, नंदलाल. नागपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तो सोमवारी येऊन मशीनमध्ये डॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, चढवणार होता.

गोपाळरावांनी रविवारीच मशीन घरी आणलं. उभा जन्म मागावर ताणा चढवला, डॉस काय मोठं लागून गेलं!

डॉस भरलेली चपटी चौकोनी फ्लॉपी एकच होती. ती खाचेत सारली, तर आतून घर्र घर्र सुरू झालं. पडदा काळाच. गोपाळरावांच्या विणकर कानांना ही घरघर सहन होईना. मागावर आडवं सूत नेणारा धोटा असाच अडायला लागला, की त्याला तेलाचं बोट लावायचं, हे त्यांना बापानं शिकवलेलं. त्यांनी फ्लॉपी ओढून काढली, तिची पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या चकतीला सढळ हातानं गोडं तेल चोळलं.

"अवो, तो धोटा नाही होय!" जानकीबाई ओरडल्या. "नंदलाल येऊन राहिला न उद्या!"

"तुह्या भावाले सलाम ठोकू का मी म्हातारपणी? तू चूप बैस."

फ्लॉपी परत आत गेली. घरघर थांबली. गोपाळराव विजयी मुद्रेनं बायकोकडे बघतात, तोच पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली : सिस्टमची डिस्क टाका.

"टाकली न बे!" गोपाळराव त्याच्यावर खेकसले. मग त्यांनी फुंकर मारली, फ्लॉपी उन्हात ठेवली, धोतरानं पुसली. मशीन आपलं एकच म्हणणं सोडेना.

सोमवारी सोसायटीत साऱ्या कमिटीसमोर नंदलालनं मशीनमधली फ्लॉपी बाहेर काढली. तेलाचा थेंब चेअरमनच्या पांढऱ्या धोतरावर पडला.

"भाऊजी, हे काय केलं?"

"घरघरून राहिलं होतं..."

"वाचताना ते घरघरतेच! थोडं थांबले असते, तर आपोआप चाललं असतं."

कमिटी खो खो हसली. गोपाळरावांना तिथंच रडू फुटायचं बाकी राहिलं. थोडं थांबायचं! एवढी वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

नंदलालनं नवी फ्लॉपी आणली आणि तो मॅनेजर झाला. त्याचा पहिला हुकूम : सोसायटीच्या साऱ्या मागांचं तेलपाणी भाऊजींकडे. आता गोपाळराव घरून निघाले, की जानकीबाई तेलाची बाटली हातात देतात आणि रोज न चुकता बजावतात, "मागालेच घाला, बरं!"