लहानूभाऊंचा नेम

मूल तालुक्यातल्या एका धानाच्या गावात लहानूभाऊ रामटेके यांच्या घरी रायफल आली. ती पाहायला येणाऱ्यांना चहा देता देता मीराबाईंची साखर संपली, पण त्यांनी तक्रार केली नाही. पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना मिळालेला गावात हा एकच माणूस, आणि तो त्यांचा नवरा होता. रायफल कोरी होती, कारखान्यातून निघालेली, गुळगुळीत लाकडी दस्त्याची, वर दुर्बीण बसवलेली.

धान लोंबीवर आलं होतं आणि रानडुकरं रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतातली बांधी लोळवून जात होती. डुकरं मारायची वनखात्याची परवानगी आली, तसे लहानूभाऊ ग्रामसभेत उभे राहिले.

"डुक्कर दिसलं का पडलं समजा," ते म्हणाले. "फक्त नेम जमवून घेतो."

नेम जमवायला गावाबाहेरची मुरमाची जुनी खाण ठरली. तिची भिंत उंच, मागे नुसतं झुडपांचं रान. भिंतीशी तेलाचा रिकामा डबा ठेवला, त्यावर चुन्यानं गोल काढला. अर्धं गाव लहानूभाऊंच्या पाठीमागे येऊन बसलं. पहिली गोळी डब्याच्या डावीकडे मुरमात घुसली. दुसरी पार खाली. तिसरीनं भिंतीचा एवढा मोठा ढेपला पाडला, की डबा त्याखाली गाडला गेला.

"नवी मोटारसायकल नाई का सुरुवातीले अडखळत," लहानूभाऊ म्हणाले. "तसंच हे."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी शेजारचे दसरूभाऊ बकऱ्या हाकत आले आणि थोडा वेळ पाहत उभे राहिले.

"लहानू, माह्या बकऱ्या त्या डब्यापाशी बांधू का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तिथी काई गोळी येऊन नाई राह्यली."

त्या संध्याकाळी लहानूभाऊंनी पुतण्याला फोन लावला. राजदीप घुग्घुसला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. सुट्टी टाकून तो पान्यांची पिशवी घेऊनच आला.

"काका, हे पाहा," त्यानं दुर्बिणीखालचा स्क्रू नुसत्या बोटानं फिरवून दाखवला. "दुर्बीणच हालून राह्यली."

"मी सांगतच होतो, बंदुकीतच खोट हाये," लहानूभाऊ मीराबाईंकडे पाहून म्हणाले.

स्क्रू आवळले. गोळ्या तरीही इकडेतिकडेच. मग राजदीपनं नळी साफ केली, चिंधीमागून चिंधी काळी निघाली. गोळ्या इकडेतिकडेच. मग त्यानं नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागद सरकवून पाहिला. तो मध्येच अडला. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकलं होतं. राजदीपनं पॉलिशपेपर काढला.

"कोऱ्या बंदुकीले घासून राह्यला?" मीराबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "लोकं पाहतील नं."

लाकूड घासलं, कागद सरळ पार गेला. आता गोळ्या इकडेतिकडे जाण्याऐवजी सगळीकडे जाऊ लागल्या. राजदीप बराच वेळ रायफलीकडे पाहत राहिला, आणि मग काकांकडे.

दुसऱ्या दिवशी खाणीत त्यानं स्वतः रायफल तयार करून काकांच्या हातात दिली. आत काडतूस घातलंच नव्हतं, हे फक्त त्यालाच माहीत. लहानूभाऊंनी नेम धरला. गाव श्वास रोखून बसलं. घोडा ओढला आणि नुसतं 'टक' झालं. पण लहानूभाऊंचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले, खांदा उडालेला आणि नळी जमिनीकडे वाकलेली. ते बराच वेळ तसेच होते.

"आवाज तर झालाच नाई," मीराबाई हळूच म्हणाल्या. "तुमी काऊन दचकले?"

लोक हसू दाबत घरी गेले. लहानूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. पण सकाळी त्यांनी रायफल खांद्यावर टाकली आणि मीराबाईंना म्हणाले, "चाल, खाणीत जाऊ."

राजदीपनं जाताना उपाय सांगून ठेवला होता. रिकामी रायफल धरायची, नळीवर चिंचोका ठेवायचा. घोडा ओढल्यावर चिंचोका पडता कामा नये. चिंचोका पडायचा, मीराबाई उचलून परत ठेवायच्या. पहाटे हेच आणि दुपारी हेच. चिंचोका टिकू लागला, तेव्हा लहानूभाऊंनी काडतुसं घातली. गोळ्या गोलाच्या कडेला लागल्या, मग गोलात, आणि एका सकाळी चुन्याच्या मधोमध भोक पडलं. मीराबाईंनी तो डबा घासूनपुसून फळीवर मांडला, भोक लोकांना दिसेल असा.

आता लहानूभाऊ धानात राखणीला बसले. एकही डुक्कर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वनरक्षक निशा कोवे बांध्या पाहून आल्या, तर कुठे ताजा माग नव्हता.

"खाणीमागच्या झुडपात ठाणा होता त्यायचा," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस उशाशी बार उडून राह्यले. कोण थांबते?"

धान घरी आलं. ग्रामसभेनं लहानूभाऊंना शाल दिली.

"मी एकई डुक्कर मारलं नाई," ते उठून म्हणाले.

"पाहा, मोठा माणूस," लोक आपसात म्हणाले. "पण गर्व नाई."

शाल अजून खांद्यावरच होती, तोच नदीपलीकडच्या गावची माणसं अंगणात आली. त्यांचं उशिराचं धान अजून उभं होतं. पुढे सुकलूभाऊ होते.

"तुमच्याकडली डुकरं आमच्याकडे आली, भाऊ," ते म्हणाले. "आमीनं वनखात्याची परवानगी आणली. तुमी चाला."

"येतो नं. आता नेम एकदम बरोबर लागते," लहानूभाऊंनी फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाई भाऊ, नेमाचं काई नाई," सुकलूभाऊ चाचरत म्हणाले. "पहिल्यासारखं करा. आमाले आवाज पायजे."

मीराबाईंनी चहाचं आधण तसंच ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. लहानूभाऊंनी थोडा विचार केला, शाल सारखी केली आणि ताठ मानेनं म्हणाले,

"आवाजात आपण एकदाई चुकलो नाई."