अक्का एकटी राहते

"तपासनीस येऊ दे, नाहीतर त्याचा बाप येऊ दे! अख्ख्या खात्याला तपासणी मी शिकवली आहे, मला काय तपासतील?" पोटकलमराव गरजले. हातातला कप मात्र बशीवर टकटक टकटक वाजत होता, तो भाग वेगळा.

पोटकलमराव हे नाव आईवडिलांनी नव्हे, साहाय्य खात्यातल्या मंडळींनी ठेवलेलं. ते नोकरीला चिकटले तेव्हा देशाचं धोरण एका ओळीचं होतं: ज्याला कुणी नाही, त्याला सरकार आहे. दारात आलेल्याला धान्य द्यायचं आणि पुढच्याला हाक मारायची, संपलं काम. मग एका मंत्र्याला प्रश्न पडला, की 'कुणी नाही' म्हणजे नक्की कोण नाही? झालं! पोटकलमरावांनी लेखणी उचलली. नवरा नाही? चालेल. मुलगा नाही? चालेल. मुलगा आहे, पण विचारत नाही? एका सरकारने चालेल म्हटलं, पुढच्याने नाही म्हटलं, आणि त्याच्याही पुढच्याने मुलगा किती वेळा विचारत नाही ते शोधायला समिती नेमली. त्या एका ओळीला इतकी पिल्लं झाली, की धोरण ठेवायला गोदाम रिकामं करावं लागलं. तिथलं धान्य कुठे गेलं, ते अजून कुणाला आठवत नाही.

पोटकलमरावांचं सगळ्यांत लाडकं पिल्लू ओल्या टॉवेलचं. एकटी म्हणून मदत घेणाऱ्या बाईकडे सकाळीच धाड घालायची. दोरीवर दोन टॉवेल ओले दिसले की मदत बंद!

आता दैव बघा. ते निवृत्त झाले, बायको गेली, पेन्शन कुठल्याशा पोटकलमातच अडकलं, आणि ते थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला आले. अक्काला मदत होती ती एकटी म्हणून. दोन खोल्या खात्याने दिलेल्या, त्याही एकटी म्हणूनच.

आणि आज खालची शिंपीण धापा टाकत वर आली. "अक्का, तपासनीस बाई गल्लीत शिरल्यात! बरोबर पांढरी गाडी आहे. कोपऱ्यावरच्या मास्तरांना तिच्यात बसवलं!"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊ, मला घरातून काढतील का रे? चाळीस वर्षं राहतेय मी इथे."

"मी असताना? तू फक्त दोन वाक्यं पाठ कर. 'मी एकटी राहते.' आणि मी सापडलोच, तर 'मी याला ओळखत नाही.'"

"तुला?"

"मलाच! मी पाया पडलो तरी ओळखायचं नाही."

"बरं," अक्का म्हणाली. "साहेब होतास तेव्हा तू तरी कुठे मला ओळख देत होतास?"

पोटकलमरावांनी आपल्या ओल्या टॉवेलवर इस्त्री फिरवली, दुसरा कप पुसून पालथा घातला आणि जोडे छातीशी धरून ते माळ्यावर चढले. जुन्या ट्रंकेमागे त्यांनी अंग चोरलं. काळीज असं धडधडत होतं, की जिन्यात वाजतात ती बाईंची पावलं की आपली छाती, हेच कळेना!

तपासनीस बाई आल्या. त्यांनी टॉवेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आजी, एकट्याच राहता?"

"मी एकटी राहते."

"रात्री-अपरात्री काही झालं तर कोण येतं?"

"मी याला ओळखत नाही!"

"कुणाला, आजी?"

अक्काने घाईघाईने पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला. "घाबरू नका. गेल्या महिन्यात धोरण बदललंय. एकट्या म्हाताऱ्या माणसांना आता घरी ठेवायचं नाही, सेवासदनात न्यायचं. दोन जोडी कपडे घ्या. गाडी खालीच आहे."

"आणि माझं घर?"

"ते दुसऱ्या कुणाला देतील."

अक्काची नजर माळ्याकडे गेली. "आणि... कुणी सोबत असलं तर?"

"मग प्रश्नच नाही! घर तुमचंच. मदतही वाढते."

माळ्यावर पोटकलमरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या सोबतीपायी त्यांनी जन्मभर लोकांची मदत तोडली, तिलाच आता मदत! ते धडपडत उठले. ट्रंक कोसळली, मागोमाग कोळिष्टकांत गुंडाळलेले पोटकलमराव कोसळले. बाई किंचाळल्या. ड्रायव्हर धावत वर आला आणि त्याने त्यांची कॉलर धरली.

"मी चोर नाही! मी हिचा भाऊ!"

"आजी, ओळखता यांना?"

पोटकलमराव मानेने, भुवयांनी, कानांनीसुद्धा 'हो म्हण' सांगू लागले. शेवटी त्यांनी अक्काचे पाय धरले. अक्काला खूण पटली! ती ठणकावून म्हणाली, "मी याला ओळखत नाही!"

"पोलीस बोलावू का?" ड्रायव्हरने विचारलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "आजोबा, तुमचं खरंच कुणी आहे का?"

पोटकलमरावांनी अक्काकडे पाहिलं. भाऊ म्हणावं, तर अक्का खोटारडी ठरते. खोटं बोलणाऱ्याची मदत जन्माची बंद, हे कलमही त्यांच्याच हातचं.

"कुणी नाही," ते म्हणाले.

"घर?"

"नाही."

"पेन्शन?"

"अडकलंय."

बाईंचे डोळे चमकले. "अहो, सगळ्या कलमांत बसणारा माणूस आज पहिल्यांदा दिसतोय! आजी, निराधाराला आसरा देणाऱ्यालाही घर सोडावं लागत नाही. ठेवून घ्याल यांना? नाहीतर गाडीत घालते."

अक्का विचारात पडली. ती जितका वेळ विचार करत होती, तितका वेळ पोटकलमरावांचा श्वास बंद होता.

"भांडी घासणार असेल, तर ठेवते."

पोटकलमरावांना हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पूर्वी काय करत होतात, आजोबा?" आणि त्यांची छाती फुगली.

"धोरणातली निम्मी कलमं मीच लिहिली आहेत!"

बाईंनी त्यांच्या खांद्यावरचं कोळिष्टक हलकेच काढलं. "असं कुणी लिहीत नसतं हो, आजोबा. ते आपोआप वाढतं. डॉक्टर पाठवते, गोळ्यांनी बरं वाटेल."

त्यांनी तोंड उघडलं. खाली गाडीचा भोंगा वाजला. त्यांनी तोंड मिटलं.

हल्ली गोळी सकाळ-संध्याकाळ असते. अक्का स्वतःच्या हाताने देते आणि गिळली की नाही, ते जीभ बाहेर काढायला लावून बघते.