गव्हाचं निलंबन

डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोठीतला गव्हाचा कट्टा घराबाहेर काढायला घेतला, तेव्हा कट्ट्याने आधी कारण विचारलं.

निरंजन त्या वेळी त्याला पाठीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला होता. पाठीवर घेतलेल्याशी वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने कट्टा हळूच खाली टेकवला आणि बायकोकडे बघितलं. अवघड प्रश्न आला की निरंजन वृंदाकडे बघत असे. लग्नात भटजींनी गोत्र विचारलं, तेव्हाही त्याने तेच केलं होतं.

"गार्गीच्या अंगावर पुरळ येतंय," वृंदा म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, गहू बंद करून बघा."

"बघा म्हणजे? खात्री आहे की संशय?"

"संशय," वृंदाने कबूल केलं. तिला खोटं बोलता येत नसे, आणि ज्याच्या पोळ्या रोज लाटल्या त्याच्याशी तर नाहीच.

गार्गी जेमतेम दोन वर्षांची. तिच्या गुडघ्यांमागे, कोपरांच्या घडीत आणि मानेवर लाल पुरळ उठायचं, आणि ती खाजवून खाजवून रक्त काढायची. दुपारी झोपवताना वृंदा तिच्या हातांवर मोजे चढवायची आणि चढवता चढवता स्वतःच रडायची. साबण बदलून झाला होता, तेल बदलून झालं होतं, लोकरीचं टोपरं माळ्यावर गेलं होतं. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली होती, त्यात मोहरी तेवढी संपली. रक्ताचा रिपोर्ट असा आला होता, की डॉक्टरांनी तो उलटा धरून वाचला असता तरी काही बिघडलं नसतं. वृंदाला आता औषधसुद्धा नको होतं. हे कशानं होतंय एवढं कुणीतरी सांगावं, मग पुढचं ती बघून घेणार होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," कट्टा म्हणाला. "शेंगदाण्याला विचारलं? ज्वारीला?"

ज्वारी कोठीतच होती, पण तिने तोंड उघडलं नाही. बार्शीची ज्वारी ती. आपली वेळ आली आहे, हे तिला न सांगता कळलं होतं.

सासूबाई गव्हाच्या बाजूने उभ्या राहिल्या. "ओटी कशानं भरायची मग? होळीला पुरणपोळी भाताची करू का?" असं त्या म्हणाल्या आणि कट्ट्याशेजारी पाट मांडून बसल्या. त्या एकदा पाटावर बसल्या की निवाडा झाल्याशिवाय उठत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे निरंजन शेजारून प्रल्हादमामांना घेऊन आला. मामा सासूबाईंचे धाकटे भाऊ, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे निर्णय बरेच शिल्लक राहिले होते.

मामांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि चष्मा पुसला.

"नुसत्या संशयावरून सेवेतून काढता येत नाही," ते म्हणाले. "आणि संशय असताना कामावर ठेवताही येत नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबन."

"म्हणजे शिक्षाच," कट्टा म्हणाला.

"निलंबन ही शिक्षा नाही. चौकशीवर दबाव येऊ नये, म्हणून केलेली व्यवस्था आहे."

"असं म्हणणारा स्वतः कधी निलंबित झालाय का?"

मामांनी चष्मा पुन्हा पुसला. "एकदा," ते म्हणाले, आणि मग दोघांचं जमलं.

निलंबिताला निर्वाह भत्ता द्यावा लागतो, हे कट्ट्याला माहीत होतं. दर रविवारी ऊन आणि ताजा कडुलिंबाचा पाला, असा भत्ता ठरला. निलंबनकाळात मुख्यालय मामांची ओसरी. परवानगीशिवाय मुख्यालय सोडायचं नाही, असं मामांनी बजावलं. त्याला चालता येत नाही, असं निरंजन म्हणाला. नियम सर्वांना सारखाच, असं मामा म्हणाले.

फक्त गार्गीची समजूत कुणाला घालता आली नाही. वृंदा स्वयंपाक करत असली की ती कोठीत कट्ट्याला पाठ टेकून बसायची. त्याला 'गऊ' म्हणायची आणि आपल्यातले बेदाणे त्याच्या शिवणीत खुपसायची. कट्टा तिच्याशी पेरणीच्या आणि पाखरांच्या गोष्टी बोलत असे, तिला कळो न कळो. निरंजन त्याला उचलून निघाला तेव्हा तिने त्याच्या विजारीचा पाय धरला आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढी रडली.

मग घरात भाकरी सुरू झाली. बिस्किटं गेली, पाव गेला, शेवया गेल्या, रवा गेला. एका शेजारणीने प्रेमाने खपली गहू आणून दिला. तो जुन्या वाणाचा, त्याने कुणालाच काही होत नाही, असं तिचं म्हणणं होतं. वृंदाने कुंपणापलीकडे विचारणा केली.

"तो माझा चुलतभाऊ," ओसरीवरून उत्तर आलं. "मी दोषी ठरलो तर तोही दोषी. त्याच्या वयाकडे जाऊ नका."

सुरुवातीला पुरळ फिकं झालं. वृंदा रोज सकाळी गार्गीचे गुडघे खिडकीच्या उजेडात धरून बघायची. मग एके दिवशी ते मानेवर पुन्हा उठलं, पाठोपाठ कोपरात उठलं, आणि गार्गी परत "काज, काज" करत भिंतीला पाठ घासू लागली.

मामांनी ओसरीवर चौकशी संपल्याचं जाहीर केलं. "गहू बाहेर असतानाही पुरळ आलेलं आहे. आरोप सिद्ध होत नाही. सन्मानाने सेवेत परत घ्यावं."

सासूबाईंनी दारात रांगोळी घातली. वृंदाने ती ओलांडली, मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत बसली. तिला गव्हाचा राग नव्हता, पण तो दोषी निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. तो निर्दोष सुटला आणि तिच्या हातात काहीच उरलं नाही. पोरीला कशाचा त्रास होतोय हे आईला कळू नये, याची तिला लाज वाटत होती.

निरंजनने कट्टा आणून माजघरात ठेवला. गार्गी धावत आली आणि तिने त्याला मिठी मारली. तिची पुरळ उठलेली मान कट्ट्याला लागली.

"काय जेवते ही?" कट्ट्याने विचारलं.

"भाकरी दुधात कुस्करून," वृंदा म्हणाली. "दही-भात. आणि गेल्या आठवड्यापासून वरण-भात, तेच आवडीने खाते."

"वरण बिनफोडणीचं?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "पोटाला बाधू नये म्हणून चांगली हिंगाची फोडणी देते मी."

रांगोळीचा डबा अजून उंबऱ्यावर होता आणि चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती.

"हिंगाची डबी आणा," कट्टा म्हणाला.

वृंदाने डबी आणून त्याच्यासमोर उघडली.

"यात मी आहे," कट्टा म्हणाला. "हिंग थोडा, बाकी माझं पीठ. मिसळलेला हिंग आहे हा."

प्रल्हादमामा पुढे सरकले. "निकाल तुमच्या बाजूने लागलेला आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला होता. "हे तुम्ही स्वतःच्या विरुद्ध बोलताय. कुणी विचारलेलं नाही."

"ठाऊक आहे."

"परत विचार करायला वेळ देता येतो. तशी तरतूद आहे."

"तोवर ती खाजवत बसेल," कट्टा म्हणाला.

सासूबाईंनी डबी बंद केली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि चुलीवरची डाळ उतरवली. एवढ्या वर्षांत त्यांनी पुरणाची डाळ अर्ध्यावर कधी उतरवली नव्हती. निरंजन या वेळी वृंदाकडे न बघताच खाली वाकला आणि त्याने कट्टा पाठीवर घेतला.

हिंग गेल्यावर पुरळही गेलं. जाताना त्याने वेळ घेतला, पण गेलं. डॉक्टरांनी गार्गीला पालथी-उताणी करून बघितलं आणि आता गहू नकोच, असं सांगितलं. हे कसं शोधलंत, असंही त्यांनी विचारलं. गव्हानेच सांगितलं, असं वृंदा म्हणाली. अच्छा, म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

रविवारी पाला घेऊन वृंदा ओसरीवर गेली.

"गुडघ्यामागचं?" कट्ट्याने विचारलं.

"गेलं."

"मानेवरचं?"

"तेही. काल दुपारी तर ती नुसतीच झोपली, हात पसरून."

"मग झालं," कट्टा म्हणाला. "मामांना सांगा, बडतर्फी नको. मी स्वेच्छानिवृत्ती घेतो. मामांना पोळी लागते, मी इथेच संपेन."

वृंदाला रडू आलं. ते तिने लपवलं नाही. "तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली.

"एक करा. तिला इकडे पाठवू नका. माझी धूळ उडते."

वृंदाने मान डोलावली. तिने पाला त्याच्या तोंडाशी नीट पसरला आणि कट्टा थोडा उन्हाकडे सरकवला. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या पायरीवर गार्गी येऊन उभी राहिली. पायरी उतरायची नाही, हे तिला आजीने शिकवलं होतं. ती उतरली नाही. तिने तिथूनच हात वर केला. "गऊ, टाटा," ती म्हणाली आणि हात हलवू लागली.

कट्ट्याला बोलता येत होतं, पण हात नव्हते. वृंदाने त्याचा शिवलेला कान धरला आणि गार्गीला दिसेल असा हलवला. गार्गी थांबेना, म्हणून वृंदालाही तो सोडता येईना.