बिनपान्याचं मशीन

दुष्काळाच्या साली आमच्या गावानं पाण्याची सिमेंटची टाकी बांधली आन् तिला भोक ठिवलं न्हाय.

ह्यात कुनाची चूक न्हवती. टाकी दुष्काळी कामातनं मंजूर झाली हुती, तोटी पुढल्या सालच्या नळयोजनेतनं व्हनार हुती. टाकी बांधतानाच तोटीचं भोक पाडलं असतं, तर एका खात्याचं भोक दुसऱ्या खात्याच्या भिंतीत गेलं असतं, आन् सरकारात तसलं खपत न्हाय. म्हणून गोरोबा गवंड्यानं चारी अंगानं गुळगुळीत गिलावा केला. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी टँकर लावून टाकी काठोकाठ भरून दिली, नारळ फोडला, वरच्या झाकणाला कुलूप घातलं आन् पाणी घाण होऊ नये म्हणून किल्ली उस्मानाबादेला न्हेली. आमी बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीकडं निगालो की वाटंत टाकीला गाल लावून घ्यायचो. लई गार लागायची.

माझी शेजारीण सिद्धम्मा मातुर गाल लावायची न्हाय. तिच्या कल्याणप्पाचं लगीन ह्या टाकीत अडकलं हुतं. जळकोटच्या वीरप्पाची इरम्मा पसंत हुती, पोराला पोरगी आन् पोरीला पोरगा. सुपारी फोडायला वीरप्पा आला, टाकीभोवती एक फेरा मारला, म्हशीच्या पोटावर मारावी तशी थाप मारली.

“विहीणबाई, पाणी हाय. पर निगतंय कुठनं?”

“निगंल की, अप्पा.”

“निगालं की सांगावा धाडा. एवढ्या लांबनं घागरी वाहायला पोरगी दिली म्हणून माझी बायकू मला घरात घ्यायची न्हाय. तोटीतनं पाणी पडलं की अक्षता पडल्या म्हणून समजा.”

सिद्धम्मा तशीच उठली आन् पाणी सोसायटीचे चेरमन हिंमतराव ह्यांच्या वसरीवर जाऊन बसली. हिंमतरावांनी गोरोबाला बोलावलं. गोरोबा म्हणाला, “छिन्नी लावली तर टाकीला तडा जाईल. माझं काम लई पक्कं हाय, त्याला साधं भोक पडायचं न्हाय.” गोरोबाला कुठल्या बी गोष्टीत आधी आपलं कौतुक दिसायचं. मग हिंमतरावांनी वर लिहिलं, आन् खात्यानं काँक्रीटला भोक पाडायचं मशीन धाडलं. संगं नाडगौडा ओव्हरसियर.

मशीन खरंच गुणाचं हुतं. त्याचा बीट म्हंजी पोकळ नळी, तोंडाला दात. भिंतीत गरागरा फिरत जायचा आन् आतला सिमेंटचा गड्डा अख्खाच्या अख्खा बाहेर काढायचा. बीट दोन हुते. मोठा पायलीएवढा, साखर कारखान्याच्या मोरीसाठी लावलेला, तो तसाच चढवून आणला हुता. बारका तांब्याच्या गळ्याएवढा, आमच्या तोटीचा. आन् बदलायला पाना लागत न्हवता, हातोडी न्हाय, काय बी न्हाय. गळ्यातलं कडं मागं वढायचं, बीट जरासा पिळायचा, आला हातात. दुसरा सरकवायचा, पिळायचा, कडं सोडायचं. टक. हातात बांगडी चढवायला ह्याच्यापरीस जास्ती वेळ लागतो.

नाडगौडा हिंमतरावांच्या वसरीवर चहा घेत हुता तवर गोरोबानं मोठा काढून बारका चढवला. त्या बिटाला फिरताना सारखं पाणी पाजावं लागतं, न्हायतर दात जळतात. टाकीतलं पाणी काढायचं म्हणून मशीनला लागणारं पाणी आमी विहिरीवरनं आणलं. भोक पडलं तशी पिचकारी उडाली आन् गोरोबानं त्या सालातली पहिली आंघूळ केली. मग बाभळीचा खुट्टा तासून भोकात ठोकला. आता तोटी आली की झालं, असं आमाला वाटलं.

नाडगौडा मिशा पुसत आला.

“बीट बदलला?”

“व्हय साहेब,” गोरोबा म्हणाला.

“पान्याची पावती?”

“ह्याला पाना लागतच न्हाय, साहेब. हातानंच बदलतो.”

“लागत नसेल. परंतु बीट बदलल्याचा पुरावा म्हणजे भांडारातून पाना नेल्याची पावती. पाना नेलेला नाही, अर्थात बीट बदललेला नाही. अर्थात मशीनवर मोठाच बीट आहे आणि भोक मोठं पडलेलं आहे.”

आमी समद्यांनी भोकाकडं बघितलं. ते आपलं तांब्याच्या गळ्याएवढंच हुतं. गोरोबानं आतनं निगालेला गड्डा पुढं केला. “हे बगा. ह्योच निगालाय.”

नाडगौडानं गड्डा हातात फिरवला आन् त्याचं तोंड गंभीर झालं. “एवढ्या मोठ्या भोकातून एवढाच तुकडा? बाकीचं सिमेंट कुठं गेलं?”

झालं. गाव सिमेंट चोरीच्या संशयात आलं. गोरोबा पहिल्यांदाच स्वतःबद्दल काय बोलला न्हाय.

पुढं मोठ्या भोकाच्या मापाची तोटी आली. बैलगाडीतनं उतरवायला तालमीतली मानसं लागली. खुट्ट्याच्या बाजूला ठिवली, तर चिमणीशेजारी म्हैस बसल्यागत दिसाया लागली. हिंमतराव अडचणीतनं वाट काढनारे. ते म्हणाले, “साहेब, मग असं करू, भोकच मोठं करू.”

“अवश्य. त्यासाठी मोठा बीट लावावा लागेल.”

“लावतो की.”

“तो लावलेलाच आहे. लावलेला बीट पुन्हा लावता येत नाही.”

“बरं, मग येक पाना द्या. पावती करू, समदं रीतसर करू.”

“या मशीनला पाना लागत नाही,” नाडगौडा समजुतीनं म्हणाला. “न लागणारी वस्तू मंजूर कशी होईल, चेअरमनसाहेब?”

हिंमतरावांनी मान डोलावली. साहेबाचं समजलं न्हाय की ते जोरात डोलवायचे.

इकडं वैशाख सरत आला आन् जळकोटाहून सांगावा आला. कळंबच्या आडतवाल्याचं स्थळ इरम्माला सांगून आलंय, त्यांच्या परसात हापसा हाय, पुढल्या बेस्तरवारपतूर वाट बघतो. कल्याणप्पानं जेवण टाकलं. सिद्धम्मानं जेवण टाकलं न्हाय, दोन भाकरी जास्ती खाल्ल्या आन् पदर खोचून टाकीवर आली. नाडगौडा चोरीच्या सिमेंटचा तपास करत सावलीला बसला हुता.

“साहेब, अडाणी बाईला येक सांगा. हातानं केलेलं काम झालंच न्हाय, व्हय?”

“कार्यालयाच्या दृष्टीनं झालेलं नाही.”

“पक्कं?”

“नियमच आहे, बाई.”

“न्हाय, इचारून घेतलेलं बरं,” असं म्हणून सिद्धम्मानं खुट्टा धरला, दोन हिसके दिले आन् उपटला.

पाणी धो धो खाली आलं. तिनं घागर लावली.

नाडगौडा उठून उभा ऱ्हायला. “अहो, हे काय करताय?”

“काय बी न्हाय, साहेब. हातानं करतीया.”

नाडगौडानं तोंड उघडलं. नियम आठवला. तोंड मिटलं. खुट्टा उपटला म्हणावं तर बीट बी बदलला म्हणावं लागनार. तवर आमी समद्या घागरी, कळश्या, परात, पाळणा सोडून जे मिळंल ते घेऊन आलो हुतो. पाळणा बी आणला असता, पर त्याला भोकं हुती. सिद्धम्मानं पाण्याच्या जुन्या इंजनाच्या पाइपाचा तुकडा खोचला, चिंध्या कोंबल्या, त्याला कुठली तरी तोटी पिळून बशिवली, समदं हातानं. दुपारी नाडगौडा सोता तांब्याभर पाणी प्याला. त्यानं तांब्या हातानंच धरला हुता, तवा आमी काय बोललो न्हाय.

बेस्तरवारी वीरप्पा आला. तोटी फिरवली, ओंजळ भरून प्याला, डोक्यावर शिंपडली. “आता माझी बायकू घरात घिती,” म्हणाला, आन् तिथंच तिथी धरली.

पर टाकी ती टाकी. लग्नाच्या आधीच रिकामी झाली. सिद्धम्मा टँकर मागायला गेली.

“टाकी भरलेली आहे,” नाडगौडा म्हणाला.

“वाजवून बगा की, साहेब.”

नाडगौडानं टाकी वाजवली. ती घंटीवाणी वाजली. “आवाजावरून काही ठरत नाही. तिच्यातून अधिकृतपणे एक थेंबही बाहेर आलेला नाही. भरलेल्या टाकीत टँकर ओतला, तर पाणी वाया जाईल. दुष्काळात?”

त्यातच जिल्ह्याला कळलं की एवढ्या दुष्काळात येका गावानं भरल्या टाकीला हात सुदिक लावला न्हाय. काटकसरीचं पयलं बक्षीस आमाला. ढाल द्यायला मोठे साहेब येनार. हिंमतरावांनी डोकं लढवलं आन् दिवस धरला तो कल्याणप्पाच्या लग्नाचाच. येकच मांडव, येकच बाजा, दोन्ही कामं.

सिद्धम्मा कपाळाला हात लावून बसली. “आक्का, दारात वऱ्हाड आन् घरात पाणी न्हाय. वीरप्पानं तोटी फिरवली तर पोरगी तशीच माघारी न्हील.”

म्या म्हणलं, “बाई, साहेब यायचं म्हंजी पाणी येतंयच. तू निस्ती रस्त्यावर नजर ठिव.”

तसंच झालं. साहेबांच्या जीपीचा फुफाटा उडू नये म्हणून रस्त्यावर शिंपायला सकाळच्या पारी टँकर आला. पेयाला टँकर न्हवता, शिंपायला हुता. समद्या बायका आडव्या गेल्या. डायवरला चहा, भजी, वर पानाचा विडा, आन् तवर वळ लावून घागरीनं टँकर टाकीत रिचवला. वरचं झाकण? सिद्धम्मानं कुलूप कडीसकट हातानं काढलं हुतं, म्हंजी ते लावलेलंच हुतं.

नाडगौडा टँकरपाशी आला. “रस्त्यावर पाणी मारलं?”

“टँकर रिकामा हाय न्हवं?” सिद्धम्मा म्हणाली. “मग पाणी कुठं गेलं असंल?”

नाडगौडानं रिकामा टँकर तपासला आन् रस्ता शिंपला असं ठरलं. मोठे साहेब आले ते पिठाच्या गिरणीतनं निगाल्यासारखे. पाक भुवया पांढऱ्या. भाषणात तीनदा शिंकले आन् धूळ बसवल्याबद्दल खात्याचं कौतुक केलं.

वीरप्पानं तोटी फिरवली. पाणी आलं. अक्षता पडल्या. कल्याणप्पानं मंगळसूत्र घातलं तवा वीरप्पाच्या मनात शंका आली, त्यानं हळूच नाडगौडाला इचारलं, “साहेब, हे बी हातानंच केलंय. झालं म्हणायचं का?”

नाडगौडानं लई येळ इचार केला. “हे आमच्या खात्याकडं येत नाही,” तो म्हणाला, तवा वीरप्पाचा जीव भांड्यात पडला.

तवापास्नं आमी दर चार-आठ दिसाला कुठल्या ना कुठल्या साहेबाला भरलेली टाकी बघायला बोलवायचो. साहेब यायचा, आदी शिंपायचा टँकर यायचा. गावचा रस्ता जिल्ह्यात सगळ्यात कोरडा, आन् इरम्माला विहिरीची वाट कदी ठावं झाली न्हाय.

लग्नाच्या दिशी मातुर पंगत उठली तशे हिंमतराव आभाराला उभे ऱ्हायले. खात्याचे आभार, मशीनचे आभार, मांडववाल्याचे आभार. “आन् जेवणाखाणाचं, पाण्याचं म्हणाल,” ते म्हणाले, “तर ते कसं आपसूकच पार पडलं.” समद्यांनी टाळ्या वाजवल्या. पहाटंपास्नं भाकऱ्या थापून आमचे हात सुजले हुते, म्हणून आमी वाजवल्या न्हाईत.

नाडगौडा हात धुवायला आला. सिद्धम्मानं तांब्यानं पाणी घातलं.

“जेवण कसं झालं, साहेब?”

“उत्कृष्ट.”

“कुनी केलं?”

नाडगौडा जरा थांबला. “झालं,” म्हणाला आन् हात पुसले.

हसा त्याला, खुशाल हसा. पन हे वाचता वाचता तुमच्या हाताशी चहाचा कप आला असंल, निम्मा पिऊन बी झाला असंल. तो कुनी केला म्हणून मान वर करून बघू नका. पाना लागला न्हाय, म्हंजी कुनीच केला न्हाय. कप ठिवा खाली आन् सांच्याला तिलाच इचारा, दिसभर घरात बसून करतीस तरी काय म्हणून.