मामा मांडवावरून गेले

एसटीने लग्नाला जाणारा माणूस गोरखच्या लेखी माणूसच नव्हता. कोल्हापुरात पंपांच्या एजन्सीत मॅनेजर झाल्यापासून त्याची मान इतकी ताठ झाली होती, की खाली बघायला त्याला विमानच लागलं. कोल्हापूर ते नाशिक बारा सिटांचं विमान सुरू झालं आणि त्याच हंगामात भाचीचं, श्रेयाचं, लग्न निघालं. मग काय विचारता!

त्याने नकाशावर दोरा ताणला. दोरा थेट येडगाववरून गेला. म्हणजे बहिणीच्या दारावरूनच! तासाभरात नाशिक, तिथून जीपने मागे येडगाव, मुहूर्ताआधी चहासुद्धा होईल. बहीण साळुबाई फोनवर काकुळतीला आली. एकुलती एक पोर, मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय बोहल्यावर चढायची नाही, तू आपला आदल्या दिवशी ये, म्हणाली. गोरखने तिलाच उलट बजावलं, की सकाळी सगळ्या गावाला वर बघायला सांग.

चुलतभाऊ भागू कोल्हापुरातच टेम्पो चालवायचा. तो रात्रीच्या एसटीने निघाला, तेव्हा गोरखला हसू आवरेना.

"जा बाबा, हात दाखवील त्याच्यासाठी थांबत थांबत जा. आमचं मधे कुठं थांबत नाही."

सकाळी असं धुकं उतरलं, की विमान सोडा, स्वतःचे बूट दिसेनात. धुकं हटेना, विमान हलेना. अखेर उड्डाण झालं तेव्हा दुपारचा मुहूर्त तोंडावर आला होता.

आणि मग खिडकीतून धरण दिसलं. येडगावचंच! शेजारी लाल-पिवळा मांडव, बाहेर ठिपक्यांएवढी माणसं. गोरख ताडकन उठून पायलटच्या पाठीशी उभा राहिला. मॅनेजरची भाषा कुठल्या कुठे पळाली.

"सायेब, आमचं गाव आलं. जरा टेकवता का? बाजरीचं वावर मोकळंच हाय."

पायलटने मागे न बघता त्याला जागेवर बसायला सांगितलं. रात्री हात दाखवणाऱ्यांची टर उडवणारा आता ढगांत हात दाखवत होता! मांडव मागे गेला, जुन्नरचे डोंगरही मागे गेले.

नाशिकहून जीप करून तो पोचला, तेव्हा नवरी सासरी गेली होती आणि आचारी पातेली घासत होते. मामाचा फेटा भागूच्या डोक्यावर होता. जिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तिच्या पाठीशी उभं राहायचं तेवढं राहिलं. गोरखला खरोखर रडू आलं.

साळुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"वाईट वाटून घेऊ नगं, दादा. माईकवाला 'मामा असतील तिथून बोहल्याकडं या' म्हणत व्हता, अन् तू वरून गेलास. समदा मांडव भाईर येऊन वर बघत व्हता, तवर भागूला फेटा बांधून उभा केला, तेच बरं झालं. तू न्हाईस, हे कुणाला कळलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो भागूबरोबरच परत निघाला. फाट्यावर एसटीला हात गोरखनेच दाखवला.