डाव्या अंगाच्या अकरा दोषांची बखर

श्री. चाके फिरविणाऱ्या शक्तीस नमन, आणि वेळेवर चाके थांबविणाऱ्या शक्तीस त्याहून अधिक नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्षी जे वर्तमान घडले ते ऐसे.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्यात एक चौक, चौकाच्या दोहो अंगांस दोन महाल. पूर्वेच्या महाली थोरले बंधू हेमंतराव आणि त्यांच्या पत्नी थोरल्या बाईसाहेब मंजिरीबाई राहात, आणि पश्चिमेच्या महाली धाकटे बंधू आणि त्यांच्या पत्नी धाकट्या बाईसाहेब केतकीबाई राहात. थोरल्या बाईसाहेब महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांचे बोलणे थोडे आणि मोजणे फार. दूध कोणत्या आचेवर किती वेळात वर येते हे त्यांस ठाऊक, म्हणोन त्यांचे दूध कधी उतू गेले नव्हते. ऐशा बाईच्या पोटी मत्सर कधी उपजला हे कोणास कळले नाही, आणि प्रथम त्यांसही कळले नाही. जाहले ते ऐसे की पाडव्याच्या मुहूर्तावर धाकट्या बाईसाहेबांनी नवी कोरी तांबडी गाडी चौकात आणविली, आणि हार घातला, आणि पेढे वाटले, आणि आसनांवरचे प्लास्टिक सहा महिने काढले नाही. मग बोलल्या, "वहिनी, तुमचं कॉलेज माझ्या बँकेच्या वाटेवरच आहे. बसला कशाला लटकायचं? मी सोडत जाईन ना!" थोरल्या बाईसाहेबांनी उपकार मानिले आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या आसनावर बसू लागल्या. बसून दार ओढिले की धाकट्या बाईसाहेब आरशात कुंकू नीट करीत म्हणत, "वहिनी, दार हळू हं." पहिल्या दिवशी म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आणि थोरल्या बाईसाहेब फूल ठेवावे तैसे दार लावू लागल्या तरी म्हणाल्या. शिवाय धाकट्या बाईसाहेबांचे आवरणे वेळेत कधी होत नसे, म्हणोन थोरल्या बाईसाहेबांचा पहिला तास आठवड्यातून दोनदा उशिरा सुरू होई, आणि प्राचार्य घड्याळाकडे पाहात, आणि बावीस वर्षांत जे ऐकिले नव्हते ते ऐकावे लागे. गाडी चालविण्याचा परवाना थोरल्या बाईसाहेबांपाशी बारा वर्षे पडून होता. गाडी तेवढी नव्हती. त्यांची गाडी लावण्याची जागा धाकट्या बाईसाहेबांच्या सज्ज्यासमोरच होती, रिकामी, आणि त्या जागेत धाकट्या बाईसाहेब पापड वाळत घालीत.

मग थोरल्या बाईसाहेबांनी मनी निश्चय केला की जुनी का होईना, गाडी आपली पाहिजे. पितृपंधरवड्यात राज्यातील कोणी वाहन घेत नाही, म्हणोन या दिवसांत विकणाऱ्याच्या दारी गर्दी नसते आणि पाहावयास सवड मिळते, हे त्यांनी ताडिले, आणि वद्य षष्ठीस हेमंतरावांस आणि दस्तगीर मिस्त्री यांस बरोबर घेऊन चौबळ काकूंच्या फाटकाशी दाखल जाहल्या. चौबळ काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त जाहलेल्या, दृष्टी मंदावली म्हणोन गाडी देणार. गाडी राखी रंगाची, नऊ वर्षांची. थोरल्या बाईसाहेबांनी पिशवीतून वही काढिली, मोजपट्टी काढिली, आणि रुमालात बांधिलेले लोहचुंबक काढिले, कारण पोचा पुट्टीने बुजवून वर रंग मारिला असेल तर चुंबक तेथे चिकटत नाही. मग पुढून मागे चालत यादी करित्या जाहल्या: डाव्या आरशाची कड फुटकी, पुढील डाव्या दारास पोचा, लांबी अठरा सेंटिमीटर, त्याखाली ओरखडे तीन, मागील दिव्याच्या काचेस चीर. ऐसे करीत अकरा कलमे जाहली. चुंबक सर्वत्र चिकटले. चौबळ काकू खुर्चीवर बसून पाहात होत्या, त्या म्हणाल्या, "तो पोचा गॅसवाल्याच्या हातगाडीचा. लपवला नाही. दुरुस्त करून घेतला असता, तर तुम्हीच विचारलं असतं, आत काय झालं होतं म्हणून." तोवर दस्तगीर मिस्त्री गाडीखाली जाऊन आले, आणि इंजिन चालू करून धुराकडे पाहिले, आणि तेलाची कांडी पुसून पाहिली, आणि एक फेरी मारून आले, आणि म्हणाले, "बाई, आतून गाडी सोनं आहे. डोळे झाकून घ्या."

परंतु थोरल्या बाईसाहेबांचे डोळे झाकत नव्हते. त्यांस समोर गाडी दिसेना, सज्जा दिसू लागला, आणि सज्ज्यात धाकट्या बाईसाहेब ओल्या केसांस टॉवेल गुंडाळून उभ्या, आणि त्यांची नजर पोच्यापासून ओरखड्यांवर आणि ओरखड्यांवरून चिरेवर फिरते आहे, ऐसे दिसू लागले. मग वही मिटून म्हणाल्या, "नको. दोष फार आहेत." हेमंतराव म्हणाले, "नको तर नको. पण काय ते एकदाच ठरव, उन्हात उभा आहे मी." आणि तिघे फाटकापर्यंत आली. तेथे दस्तगीर मिस्त्रींनी वही मागून घेतली, वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाले, "बाई, यादी फर्मास आहे. पण ही निम्म्या गाडीची आहे."

"म्हणजे?"

"सगळं डावीकडचं लिहिलंय. उजवीकडं मागच्या दाराला परातीएवढा पोचा आहे. त्याची एक ओळ नाही यात."

थोरल्या बाईसाहेब परत गेल्या आणि उजवे अंग पाहात्या जाहल्या. पोचा होता, परातीएवढाच होता, आणि त्याच्या समोरून त्या दोनदा गेल्या होत्या. विद्यार्थ्याने ऐसा प्रयोग लिहून आणिला असता तर त्यांनी वही परत केली असती. मग त्यांच्या ध्यानी आले की चौकातील जागेत गाडी लाविली असता जे अंग सज्ज्याकडे येते ते डावे, आणि त्यांनी तेवढेच मोजिले. हे ध्यानी येताच त्यांचे कान तापले, आणि हेमंतरावांस काही न सांगता त्या चालकाच्या आसनावर बसल्या, आणि अंगातील सर्व बळाने दार ओढिले. धाडकन आवाज जाहला. झाडावरचे कावळे उडाले. "दार हळू" ऐसे ना चौबळ काकू म्हणाल्या, ना मिस्त्री, ना आणखी कोणी. थोरल्या बाईसाहेबांनी दार उघडून पुन्हा एकदा तैसेच लाविले. मग काच खाली करून म्हणाल्या, "घेऊ."

घटस्थापनेच्या दिवशी राखी गाडी चौकात आली. पापड उचलावे लागले. धाकट्या बाईसाहेब सज्ज्यात आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई! वहिनी, ही अशीच आली, की वाटेत काही झालं?" थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "अशीच आली. पलीकडे आणखी मोठा पोचा आहे, बघायचा असेल तर खाली ये." धाकट्या बाईसाहेब हसल्या, परंतु खाली आल्या नाहीत. त्या दिवसापासून थोरल्या बाईसाहेबांचा पहिला तास वेळेवर सुरू जाहला. मग दसऱ्यास दोन्ही गाड्यांस झेंडूचे हार घातले, आणि तांबड्या गाडीच्या हाराची तार सुटून बॉनेटवर हातभर ओरखडा उठला, आणि धाकट्या बाईसाहेब पायरीवर बसून रडल्या. थोरल्या बाईसाहेबांनी पाणी नेऊन दिले आणि पाठीवर हात फिरविला. त्या हातास आनंद होत होता, हे लपविता येत नाही. गाडी रंगवावयास गेली, आणि दुसऱ्या सकाळी धाकट्या बाईसाहेब सव्वानवास, चांगल्या वेळेवर, केस विंचरून राखी गाडीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, बँकेपर्यंत सोडाल का?" थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "बस ना." धाकट्या बाईसाहेब डाव्या आसनावर बसल्या आणि पोचा असलेले ते दार गडबडीत जोराने ओढून घेतले, आणि थोरल्या बाईसाहेबांच्या तोंडून निघून गेले, "केतकी, दार हळू."

धाकट्या बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले. मग दार उघडिले, आणि फूल ठेवावे तैसे पुन्हा लाविले.

एवंच, राज्यात आता गाड्या दोन, आणि खुणा दोहींस. थोरल्या बाईसाहेबांनी जुनी वही काढून उजव्या दाराचा पोचा लिहून घेतला, कलम बारा. कलम तेराचा आकडा घालून पुढील जागा मोकळी ठेविली आहे. तेथे काय लिहावयाचे हे त्यांस ठाऊक आहे, आणि तो दोष गाडीचा नव्हे. अद्याप लिहिले नाही.